परभणीहून गौताळा, सोबत लेकरं आणि सासूबाई : तंबूचा मुक्काम कसा जमवायचा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही दोघं, १० वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि ६३ वर्षांच्या सासूबाई, डिसेंबरात दोन रात्री तंबूत राहायचंय, सोबत एखादा ट्रेक करायचाय, कुणालाच आधीचा अनुभव नाही. गौताळ्याच्या जंगलात तंबू लावता येईल का, लेकरं किती चालतील, बिबट्या-सापाचं काय, अन् सासूबाईंना न्यावं की नको, असं विचारलंय तुम्ही. मी संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडच्या बाजूचाच, कुटुंबं घेऊन या डोंगरात फिरवणं हे बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी तंबूचं. गौताळा औट्रम घाट हे अभयारण्य आहे, १९८६ ला जाहीर झालंय, साधारण २६० चौरस किलोमीटरचं. तिथं आपल्या मनानं जाऊन तंबू ठोकता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतं ते, परवानगी लागते अन् जाळ पेटवणं तर सरळ गुन्हाच आहे. दिवसा गेटवर नोंद करून, फी भरून जायचं आणि सांगितलेल्या वेळेत बाहेर यायचं. वनविभागाच्या विश्रामगृहाची सोय होतीये का ते कन्नडच्या ऑफिसला फोन करून विचारा. पण माझं मत विचाराल तर जंगलात झोपायचा हट्टच सोडा. दिवसा जंगलात चाला आणि रात्री जंगलाच्या कडेच्या गावात, वस्तीजवळ, कुणाच्या तरी वावरात झोपा. लहान लेकरं अन् म्हातारं माणूस सोबत असताना यापेक्षा चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. विहिरीचं पाणी असतं, रात्री-बेरात्री आवाज दिला तर ओ देणारं माणूस असतं, बहुतेक ठिकाणी संडास असतो, आणि मालकाला चार पैसे मिळतात. आमच्या पट्ट्यातले लोक नाही म्हणत नाहीत, फक्त आधी विचारायचं, गाडी बांधावर घालून मग विचारायचं नाही.

वावर बघताना दोन-तीन गोष्टी शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. डिसेंबरात इकडं मका काढून झालेला असतो, रान मोकळं सपाट दिसतं, लोक तिथंच तंबू पसरतात, अन् मक्याची धसकटं खालून तंबूच्या तळाला आरपार जातात, रात्री पाठीत टोचतात ते वेगळंच. म्हणून खळ्याची जागा मागा, नसेल तर मुरमाड पडीक तुकडा. काळ्या रानात तर नकोच, भेगांमध्ये विंचू-साप बसतात आणि दव पडलं की चिखल चपलेला धरतो. दुसरं म्हणजे मालकाला हे विचारायचंच, की आज रात्री लाईट आहे का आणि कुठल्या तुकड्याला पाणी सोडणार. शेतीची लाईट किती गावांत रात्रीची असते हे तुम्हाला परभणीला काय सांगायचं, गहू-हरभऱ्याला रात्री दोनला पाणी सुटतं, बारं फुटलं की उताराच्या बाजूचा तंबू भिजलाच समजा. फवारणी झालेली असेल तर ते पण विचारा, लेकरं मातीत खेळणार आहेत. झाडाखाली सावली बघून तंबू लावू नका, वाळलेल्या फांद्या पडतात आणि रात्रभर दव टपकत राहतं. नाल्याच्या पात्रात तर कधीच नाही, पात्र कोरडं असलं तरी नाही.

तंबूवर चार माणसांचा असं लिहिलेलं असतं त्यात दोन मोठी अन् एक-दोन लहान झोपतात, सामान ठेवायला जागा राहत नाही. तुम्हाला दोन तंबू लागतील, सासूबाई आणि नात एकात, तुमच्यापैकी एक जण त्यांच्यासोबत. सोबत मिळणारे ॲल्युमिनियमचे खुंटे आपल्या मुरमात पहिल्या ठोक्याला वाकतात. खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे, वर वीतभर मुरूम. हार्डवेअरच्या दुकानातून सहा-सहा इंची लोखंडी खिळे घ्या, तिरपे ठोका, डोकं तंबूकडे न करता बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवा म्हणजे दोरी निसटत नाही. खिळा जातच नसेल तर दोरी मोठ्या दगडाला बांधा अन् त्या दगडाला दुसरा दगड टेकवा. हे सगळं घरी गच्चीवर एकदा करून बघा, लेकरांना हाताशी घ्या, ट्रिपच्या दिवशी पोरगा स्वतःच काड्या जोडतो आणि त्याला आपण मोठं काम केल्यासारखं वाटतं.

थंडी. परभणीकरांना थंडी शिकवायची नाही, तुमच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा ५ च्या खाली गेल्याच्या बातम्या कितीदा येतात. पण घरात सोसलेली थंडी वेगळी अन् जमिनीवर सोसलेली वेगळी. अंगातली ऊब वरून कमी आणि खालून जास्त जाते, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं. खाली ताडपत्री, त्यावर फोमची मॅट, त्यावर जाडजूड वाकळ, असं असेल तर वर एक ब्लँकेट अन् कानटोपी पुरते. महागडी स्लीपिंग बॅग घ्यायची काही गरज नाही, आजीची वाकळ त्याहून भारी काम करते. उंचीचा हिशोब साधा आहे, हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा डिग्री कमी. संभाजीनगर शहर ५७० मीटरच्या आसपास आणि म्हैसमाळ हजाराच्या थोडं वर, म्हणजे तीनेक डिग्रीचा फरक, त्यात वारा लागला की अजून. खिडकीची चेन दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेनं पहाटे आतून कापड ओलं होतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, ऊब पाहिजे म्हणून तंबूत कोळशाची शेगडी, गॅस, कंदील काही म्हणजे काही पेटवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो. थंडी वाजतीये म्हणून लेकरू रडलं तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पायाशी द्या.

आता चालण्याचं. डोंगरात चालायचा एक जुना हिशोब आहे, सपाटीला तासाला पाच किलोमीटर आणि वर दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा. तो धडधाकट मोठ्या माणसाचा. सहा वर्षांची मुलगी सोबत असली की सरळ दुप्पट धरा, त्यावर थांबे वेगळे. तिला एका दिवसात जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर पुरे. ती दमत नाही, कंटाळते. रस्त्यानं काहीतरी बघायला, उचलायला, मोजायला पाहिजे. आमच्या डोंगरात गारगोटीचे, स्फटिकाचे तुकडे सापडतात, बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले, ते दाखवा, शोधायला लावा, फक्त अभयारण्यातनं खिशात घालून आणू नका. पुढं कुठलं मोठं माणूस चालणार हे तिला ठरवू द्या. सगळ्यात पुढं एक मोठं माणूस, मग सगळ्यात हळू चालणारं, आणि शेवटी दुसरं मोठं माणूस. पोरगा पळत पुढं जाणार, त्याला शिट्टी द्या आणि वळणावर थांबायचंच असा नियम करा.

जागा कुठली? तुमच्यासाठी दोन सांगतो, दोन्ही एकाच दिवशी करू नका. पितळखोरा कन्नडजवळ आहे, १४ लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची, म्हणजे वेरूळच्या बरीच आधीची. गाडी वरपर्यंत जाते आणि मग पायऱ्यांनी खाली दरीत उतरायचं. इथंच लोक फसतात. चढून जायच्या ठिकाणी दम लागला की माणूस परत फिरतो, पण उतरून जायच्या ठिकाणी जाताना सगळे खूश असतात आणि खरी चढण शेवटी, दमल्यावर, उन्हात येते. म्हणून सकाळी सातला तिथं असा, साडेदहाच्या आत वर या.

दुसरा अंतूरचा किल्ला, नागापूरवरून. गाडीरस्ता कच्चा आहे, छोटी कार असेल तर शेवटचा टप्पा चालायची तयारी ठेवा. नागापूरच्या बाजूला निजामशाहीच्या वेळचा एक दिशादर्शक दगड आहे, कुठल्या गावाचा रस्ता कुठल्या बाजूला ते फारसीत कोरलेलं. मुलाला तो जरूर दाखवा, आणि हा रस्ता त्या काळी खानदेशात उतरायचा होता हे सांगा, मग किल्ला कशासाठी बांधला ते त्याला आपोआप समजतं. वर गेल्यावर एकामागोमाग दरवाजे आहेत, मोठा तलाव आहे, कड्यावरून खाली खानदेश पसरलेला दिसतो. कड्याला कठडा नाही. मुलीचा हात सोडायचा नाही, अन् तिथं सेल्फीसाठी मागं-मागं सरकायचं नाही, मोठ्यांनी तर अजिबात नाही.

वेताळवाडीचा किल्ला याहून सोपा, हळदा घाटातून थोडंसं चढलं की दरवाजात, आणि वास्तू पण बऱ्याच शाबूत, पण तो सोयगावच्या बाजूला, कन्नडहून लांब पडतो, वेगळी ट्रिप करा. लातूर-बीडकडच्या लोकांना बालाघाटात सौताडा, कपिलधार आहे पण ती पावसाळ्यात बघायची ठिकाणं, डिसेंबरात धबधब्यांना धार नसते.

बूट नवे घेऊ नका. घ्यायचेच असतील तर महिनाभर आधी घेऊन रोज बाजारात घालून हिंडा. नखं कापून घ्या, उतरताना अंगठ्याचं नख बुटाला लागून काळंनिळं होतं. कपड्यात लोकरीचे पायमोजे, विणलेल्या पँटी टाळा, दिवाळीनंतर सगळं गवत वाळलेलं असतं अन् कुसळं अशी शिरतात की काढता काढत नाहीत. साधी गुळगुळीत ट्रॅकपँट बरी. तपकिरी, मखमली लव असलेल्या शेंगा दिसल्या तर लेकरांना लांब ठेवा, ती खाजकुयली. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी दाबून ओढायची म्हणजे लव निघते, मग धुवायचं.

पाणी मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर, लेकरांना दीड-दोन. किल्ल्यावरची टाकी बघून पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका, अन् प्यायचंच झालं तर खळखळून उकळून. तुरटीनं पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा सपाट, एवढं लक्षात ठेवलं की ओआरएसचं पाकीट नसलं तरी भागतं.

जेवणाचा ताण घेऊ नका. पहिल्या दिवशी घरून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, सोबत घ्या, पाणी उकळलं की दहा मिनिटांत आमटी, थंडीत त्यासारखं काही नाही. भाकरी ज्यांच्या वावरात राहताय त्यांच्याकडनं पैसे देऊन करून घ्या. डिसेंबरच्या शेवटी गेलात अन् कुणाकडं ज्वारी असली तर हुरडा मिळेल. चुलीसाठी मालक जागा दाखवेल तिथंच पेटवा, भोवतीचं वाळलं गवत हातभर उपटून घ्या, झोपायच्या आधी पाणी ओतून राख हातानं चाचपून बघा, गार लागली तरच उठा. आमच्याकडं वणवा बऱ्याचदा असाच लागतो.

आता बिबट्या. आहे, खोटं बोलणार नाही. २०२१ ला तर यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून चालत आलेला वाघ पण गौताळ्यात दिसला होता. पण बिबट्या माणसांच्या घोळक्यात येत नाही, तो कुत्र्यामागं येतो, आणि कुत्रं उष्ट्यामागं येतं. म्हणून खरकटं, हाडकं, बिस्किटाचे पुडे तंबूजवळ ठेवायचे नाहीत, पिशवी बांधून गाडीत टाकायची, हीच खरी खबरदारी. अंधार पडल्यावर लेकरानं एकट्यानं लघवीला जायचं नाही, मोठं माणूस बॅटरी घेऊन सोबत, बोलत-बोलत जायचं. पहिली वेळ आहे तर पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरा, दत्तजयंतीच्या दरम्यान छान चांदणं असतं. चांदणं असलं की लेकरं निम्मी घाबरत नाहीत. तारेच बघायचे असतील तर पुढच्या वेळी अमावस्येला या.

मला काळजी बिबट्यापेक्षा मण्यारची जास्त असते. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतच नाही, दुखत नाही, सूज नाही. म्हणून उघड्यावर अंथरूण नको, तंबूची चेन पूर्ण लावलेली, दिवसा सुद्धा. पहाटे कुणाच्या पोटात कळ यायला लागली, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलताना जीभ अडखळली, तर रात्रीचं जेवण बाधलं असेल म्हणून वाट बघायची नाही, थेट सरकारी दवाखाना. १०८ ला फोन करा, आपली गाडी जवळ असेल तर तीच काढा. पट्टी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही अन् लेकराला उचलून न्यायचं, चालवायचं नाही.

विंचवाचं पण तसंच. लाल विंचू चावला आणि घाम, उलट्या, हात-पाय गार पडणं सुरू झालं तर तो हृदयावर चाललाय असं समजायचं. आपल्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्यामुळे किती लेकरं वाचली. पण ती डॉक्टरांनीच द्यायची असते, पोचायला उशीर करायचा नाही. बूट रात्री तंबूच्या आत, सकाळी उलटे करून आपटायचे, मगच पाय घालायचा. हे लेकरांकडून रोज करून घ्या, त्यांना खेळ वाटतो. दगड उचलून बघायची सवय असते पोरांना, ती तेवढ्या दोन दिवस बंद.

आणि आग्या मोहोळ. लेणी, कडे, किल्ल्याच्या दरवाजांच्या वर मोठमोठी पोळी असतात. सेंट-अत्तर लावून जायचं नाही, खाली सिगारेट-धूर नाही, आरडाओरड नाही, दगड तर नाहीच. पोळं दिसलं की गप मागं फिरायचं, तेवढं लेणं नाही बघितलं तरी चालतं. माश्या उठल्याच तर खाली बसायचं नाही, तोंड झाकून लांब पळायचं, पाण्यात उडी मारून उपयोग नसतो, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

प्लॅन असा धरा. शुक्रवारी पहाटे परभणी सोडा, जालना-संभाजीनगर करत दुपारपर्यंत कन्नडला. शनिवारी वाटेतल्या खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते, शुक्रवारी तो त्रास नाही. तंबू चारच्या आत उभा पाहिजे, हे कडक पाळा, साडेपाचला ऊन उतरतं, सहा-सव्वासहाला अंधार, आणि अंधारात पहिल्यांदा तंबू लावणारं घर भांडतंच. शनिवारी सकाळी एकच ट्रेक, दुपारी वावरात आराम. रविवारी सकाळी बांधाबांधानं पाखरं बघत चक्कर, अकराला निघा. जाताना वेरूळ करायचं तर करा, ते मंगळवारी बंद असतं, रविवारी उघडं असतं पण गर्दी सोसावी लागते. घरी पोचल्यावर लेकरांच्या काखा, कानामागं, कमरेला गोचीड चिकटलीये का बघून घ्या.

राहिल्या सासूबाई. न्या, नक्की न्या. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक डबी त्यांच्याकडं एक तुमच्याकडं. खाली बसून उठता येत नसेल तर एक प्लास्टिकची खुर्ची अन् कमोडची घडीची खुर्ची गाडीत टाका, यात लाजायचं काही नाही, रात्री पोट साफ झालं नाही तर दुसरा दिवस जातो. गुडघे दुखत असतील तर पितळखोऱ्याच्या पायऱ्या नकोत, उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. हातात काठी द्या, छातीच्या उंचीच्या थोडी खाली येईल अशी. पण त्यांना ट्रेकच्या दिवशी वावरात एकट्यानं बसवून जाऊ नका, तुमच्यापैकी एक जण त्यांच्यासोबत थांबा, किंवा मालकाच्या घरच्या बायकांशी आदल्या दिवशीच ओळख करून द्या. माझ्या अनुभवात या वयाच्या बायका अर्ध्या तासात त्या घरच्या होऊन जातात, शेंगा निवडायला बसतात, नवीन भाजीची रीत विचारून घेतात. त्यांना विचारा फक्त, की यायचंय का, आणि काय-काय असणार आहे ते खरं-खरं सांगून विचारा.